बेकरी: एका रोजच्या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणी आमच्या घरी 'बेकरीत जाऊन ये' एवढंच सांगितलं जायचं. काय आणायचं ते वेळेवरून कळायचं. सकाळचे सात वाजले असतील तर पाव, दुपारचे चार वाजले असतील तर टोस्ट नाहीतर खारी, आणि घरात कुणी तापाने निजलं असेल तर ब्रेड. शब्द इतका घरातला झाला आहे की त्याच्याबद्दल काही विचारावं असं सहसा कुणाला वाटत नाही. पण शाळेतल्या मुलांनी, नव्याने मराठी शिकणाऱ्या मित्रांनी आणि भाषेवर प्रेम करणाऱ्या शेजाऱ्यांनी मला वेळोवेळी जे प्रश्न विचारले, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

बेकरी म्हणजे नेमकं काय?

पीठ मळून, ते फुगवून किंवा लाटून भट्टीत भाजलेले पदार्थ जिथे तयार होतात किंवा विकले जातात, ती जागा म्हणजे बेकरी. हा झाला सरळ अर्थ. बोलण्यात मात्र हा शब्द आणखी पसरतो.

'कोपऱ्यावरच्या बेकरीतून लादी घेऊन ये' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर दुकान असतं. काचेच्या बरण्या, त्यांत टोस्ट आणि बटर, पुढे पावाच्या लाद्यांची चळत. त्या दुकानात भट्टी असेलच असं नाही. माल दुसरीकडून येत असला तरी आपण त्याला बेकरीच म्हणतो. 'त्यांची बेकरी आहे' म्हटलं की तो धंदा असतो, भट्टी, कारागीर आणि पिठाच्या पोत्यांसकट. आणि 'डॉक्टरांनी बेकरीचं बंद करायला सांगितलंय' या वाक्यात तर दुकानही नाही आणि धंदाही नाही. तिथे 'बेकरीचं' हे एका सबंध खाण्याचं नाव झालं आहे, जसं 'बाहेरचं' किंवा 'तेलातलं' म्हणतो तसं. 'बेकरीचं' हे रूप मला फार आवडतं, कारण परका शब्द पूर्ण मुरल्याशिवाय त्याच्यापासून असं घरगुती नाम तयार होत नाही.

शब्द इंग्रजी आहे. मग मराठीत त्याला स्वतःचा शब्द का नाही?

मूळ शब्द इंग्रजी आहे यात वाद नाही. 'बेक' म्हणजे बंद उष्णतेत कोरडं भाजणं, आणि त्यावरून त्या कामाची जागा ती बेकरी.

मराठीत शब्द नव्हता, कारण तशी जागा नव्हती. आपली भाकरी तव्यावर होते आणि शेवटी निखाऱ्यावर फुगते, पोळी तव्यावर होते, पुरी तेलात. बंद भट्टीत पीठ भाजण्याची रोजची गरज आपल्या स्वयंपाकाला पडली नाही. तंत्र अगदीच अनोळखी होतं असंही नाही. कोकणात काकडीचं धोंडस करताना पातेल्याखाली मंद विस्तव आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवायची रीत आहे. म्हणजे वरून आणि खालून कोरडी धग. ओव्हन दुसरं काय करतो? पण ते एखाद्या दिवशीचं, एका घरापुरतं काम. त्यासाठी वेगळी इमारत, वेगळा कारागीर आणि वेगळं दुकान लागलं नाही, म्हणून वेगळा शब्दही घडला नाही.

क्रियापदाचंही तसंच. मराठीत आपण वांगं भाजतो, पापड भाजतो, शेंगदाणे भाजतो, भाकरी भाजतो आणि पावही भाजतो. एक 'भाजणे' सगळं सांभाळतं. संस्कृतातल्या भाजण्याच्याच धातूवरून ते आलं आहे आणि त्याच घरातली 'भाजणी' आपल्या डब्यात बसलेली असते. त्यामुळे 'केक बेक केला' ऐवजी 'केक भाजला' म्हटलं तर काहीच बिघडत नाही. मी स्वतः तसंच म्हणतो.

'पावभट्टी' हा शब्द अधूनमधून सुचवला जातो. अर्थ नीट पोचतो, पण खारी, केक आणि नानकटाई त्या शब्दात मावत नाहीत. 'भटारखाना' हा जुना शब्द आपल्याकडे आहे, पण तो हॉटेलच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला लागला आणि तिथेच राहिला. बेकरीला बेकरीच म्हणावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बेकरी कुठल्या लिंगाची? अनेकवचन कसं लिहायचं?

स्त्रीलिंगी. ती बेकरी, त्या बेकऱ्या. 'बेकरीज' असं बोलण्यात ऐकू येतं, ते टाळावं. नोकरी-नोकऱ्या, सुरी-सुऱ्या, भाकरी-भाकऱ्या, तसंच बेकरी-बेकऱ्या. लिहिताना त्यात अर्धचंद्रासारखा दिसणारा 'ऱ्' येतो, 'सूर्या'तला रफार येत नाही. 'बेकर्या' असं लिहिलं की वाचताना जीभ अडखळते.

विभक्तीची रूपं सरळ आहेत: बेकरीत, बेकरीतून, बेकरीला, बेकरीचा, अनेकवचनात बेकऱ्यांत, बेकऱ्यांना. चालवणारा तो बेकरीवाला. बोलताना कुणी काका म्हणतं, कुणी चाचा, कुणी शेठ. भट्टीवर काम करणारा तो कारागीर.

भाकरी आणि बेकरी या शब्दांचं काही नातं आहे का?

नाही. यमक जुळतं एवढंच.

पीठ पायाने तुडवतात म्हणून 'पाव' म्हणतात, हे खरं आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे. खरं नाही. चार तुकड्यांपैकी एक म्हणून 'पाव', ही दुसरी व्युत्पत्तीही खरी नाही.

'पाव' हा पोर्तुगीज शब्द आहे. पोर्तुगीज भाषेत भाजलेल्या रोटीला जे म्हणतात त्याचा उच्चार नाकातून, साधारण 'पांव' असा होतो, आणि तो मुळात लॅटिन 'पानिस'वरून आला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत दोनशे वर्षं ते उत्तर कोकणात होते. एवढ्या सहवासात बटाटा, कोबी, चावी, पगार, घमेलं, फीत असे कितीतरी शब्द आपल्याकडे आले. पाव त्यांच्यातलाच.

गोंधळ होतो तो मराठीत 'पाव' आधीपासून असल्यामुळे. पाव किलोतला पाव वेगळा, 'देव पावला'तला वेगळा, आणि लादीतला तिसरा. 'पाव किलो खारी आणि चार पाव द्या' या वाक्यात दोन पाव शेजारी बसतात, आणि मराठी माणसाला त्यात कधी अडचण येत नाही. मराठी शिकणाऱ्या एका मैत्रिणीला मात्र हे वाक्य समजावताना माझी पूर्ण संध्याकाळ गेली होती.

पाव खाल्ल्याने माणूस 'बाटतो' असं पूर्वी खरंच मानत?

हो, आणि ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. विहिरीत पाव टाकला, नकळत गावाने ते पाणी प्यायलं आणि सगळं गाव वाळीत पडलं, अशी कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. त्या कथेमागची भीती समजून घेतली तर त्या काळचं स्वयंपाकघर समजतं. पाण्यात मळलेलं किंवा शिजवलेलं अन्न परक्याच्या हातचं चालत नसे. पावाचं पीठ पाण्यात मळलेलं, मळणारा ख्रिस्ती, आणि गोव्यात ते फुगवायला माडाची सूर म्हणजे माडी घालत. सोवळ्याच्या प्रत्येक नियमाला पाव आडवा जात होता.

ही भीती शहरांतूनही लवकर गेली नाही. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या ठिकाणी काही नामवंतांना चहा-बिस्किटं दिली गेली. त्यात लोकमान्य टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडेही होते. नावं छापून आल्यावर एवढा गदारोळ झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घेतली गेली. एका कपाचं आणि एका बिस्किटाचं हे मोल होतं.

त्याच पुण्यात आज सकाळी मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात आणि त्याबद्दल कुणाला काहीच वाटत नाही. दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. गिरणीत पाळीला निघालेल्या माणसाला उभ्या उभ्या, ताटाशिवाय पोट भरायचं होतं. पावाने ती सोय केली. माझ्या आजीच्या सासूने पावाला कधी हात लावला नव्हता, आजी देवघराबाहेर बसून खायची, आणि आई देवाचा नैवेद्य झाला की त्याच ओट्यावर पाव भाजायची. आमच्या घरातला बदल मी या तीन बायकांवरून मोजतो.

पाव आणि ब्रेड यांत फरक काय?

इंग्रजीत दोन्ही ब्रेडच. मराठीत मात्र आपण वाटणी केली आहे. ब्रेड म्हणजे लांबट साच्यात भाजलेला, कापून स्लाइस केलेला, पुड्यात मिळणारा. पाव म्हणजे हातात मावेल एवढा, न कापलेला. हिंदीतली 'डबलरोटी' आपल्याला समजते, पण आपल्या तोंडी ती बसली नाही.

पावाचे पुन्हा प्रकार. मऊ तो लादीपाव. पिठाचे गोळे पत्र्यावर एकमेकांना खेटून मांडतात, फुगताना ते चिकटतात आणि सगळ्यांची मिळून एक सपाट फरशी तयार होते. फरशीला आपण लादी म्हणतोच, म्हणून ही पावाची लादी. गोळे खेटलेले असल्याने बाजूंना धग लागत नाही आणि तिथे मऊपणा राहतो. हेच गोळे सुटे मांडून जास्त भाजले की कवच कडक होतं. तो कडक पाव. मुंबईत त्याला ब्रुन म्हणतात. मध्ये चिरून मस्का लावून चहाबरोबर खाल्ला की ब्रुन-मस्का. गोडसर, वर चकाकी असलेला तो बनपाव किंवा नुसता बन.

मिसळीबरोबर काय, यावर गावागावांत मतं पक्की आहेत. मुंबईला पाव, कोल्हापूर-पुण्याला स्लाइस. मी दोन्ही खातो, पण कट शोषून घ्यायला स्लाइस जास्त चांगला, हे कोल्हापूरकरांचं म्हणणं मला पटतं.

टोस्ट, बटर, पॅटिस हे शब्द इंग्रजी असूनही त्यांचे अर्थ वेगळे का वाटतात?

कारण ते वेगळे आहेतच. बेकरीच्या काउंटरवर या शब्दांनी मराठी अर्थ धारण केला आहे.

'टोस्ट' म्हणजे इंग्रजी माणसाला नाश्त्याला गरम भाजलेला स्लाइस. आपल्याकडे टोस्ट म्हणजे दोनदा भाजलेला, पूर्ण वाळलेला, बरणीत महिनाभर टिकणारा तुकडा. गंमत अशी की 'बिस्किट' या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थही 'दोनदा भाजलेलं' असाच आहे. म्हणजे आपला टोस्ट हाच शब्दार्थाने खरा बिस्किट.

'बटर' तर त्याहून पुढे गेलं. बेकरीत जाऊन 'पाव किलो बटर द्या' म्हणाल तर लोणी मिळणार नाही. लहान, गोल, कोरडे, चहात टाकले की फुगणारे बटर मिळतील, जिरं घातलेले असतील तर जिरा बटर. खरं लोणी हवं असेल तर 'मस्का' म्हणावं लागतं, आणि तो शब्द फारसी. त्याच मस्क्यावरून 'मस्का लावणे' हा वाक्प्रचार आला, आणि तो बेकरीत कधीही न गेलेली माणसंही वापरतात.

'पॅटिस'चे दोन अर्थ. चाटवाल्याकडे रगड्यात बुडालेली बटाट्याची टिक्की म्हणजे पॅटिस; बेकरीत बटाट्याचं सारण भरलेला पापुद्र्यांचा चौकोन म्हणजे पॅटिस. कुठे उभं राहून मागताय त्यावर काय मिळणार ते ठरतं.

'खारी' हा या घोळक्यातला अस्सल आपला शब्द. खारट ती खारी, 'खारी बिस्किट' मधलं बिस्किट गळून पडलं. मैद्याच्या पोळीवर वनस्पती तुपाचा थर, घडी, पुन्हा लाटणं, पुन्हा घडी, असं करत गेलं की भट्टीत वाफेने थर सुटतात. चांगली खारी ओळखायची खूण म्हणजे ती उचलली की ताटलीत पापुद्रे पडले पाहिजेत.

आता एकदा ती यादी नुसती भाषांच्या अंगाने पाहा. पाव पोर्तुगीज, बिस्किट आणि टोस्ट इंग्रजीतून, मस्का फारसी, नानकटाईतला 'नान'ही फारसी, खारी मराठी, आणि हे सगळं जिथे भाजलं जातं ती भट्टी संस्कृत-प्राकृतातून आलेली. चार हात रुंदीच्या काउंटरवर इतक्या भाषा क्वचितच एकत्र नांदतात.

'बेकरीतून भाजून आणणे' म्हणजे काय?

हे आज ज्यांना सांगावं लागतं त्यांच्यासाठी मी थोडं सविस्तर लिहितो, कारण ही पद्धत झपाट्याने कमी होते आहे.

तालुक्याच्या गावांत घरोघरी ओव्हन नव्हते. मग दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत बायका घरून सामान घेऊन बेकरीत जायच्या. मैदा, पिठीसाखर, तूप, थोडा रवा किंवा बेसन, वेलची-जायफळ. पैसे फक्त भाजण्याच्या मजुरीचे, किलोवर. आमच्या घरून नानकटाईचं सामान घेऊन जायचं काम माझ्याकडे असायचं. मोठं पातेलं, त्यावर फडकं बांधलेलं, आणि माल भरून आणायला पत्र्याचा रिकामा डबा. बेकरीच्या मागच्या खोलीत ओळीने पातेली लागलेली असत. चुकामूक होऊ नये म्हणून प्रत्येकावर नाव लिहिलेला कागद.

कारागीर आधी तूप आणि साखर तळहाताने परातीत फेसत बसायचा. ते पांढरं, हलकं होईपर्यंत तो मैद्याला हात लावत नसे. मी एकदा विचारलं, काका, एवढा वेळ का? तो म्हणाला, हवा घालतोय बाळा, नाहीतर तुझी कटाई दगड होईल. पुढे शाळेत शास्त्र शिकताना कळलं की त्याने अगदी बरोबर सांगितलं होतं. तुपात अडकलेले हवेचे बुडबुडे भट्टीत पसरतात आणि खुसखुशीतपणा त्यांच्यामुळे येतो.

गोळे पत्र्यावर मांडले जायचे, बोटाने मधोमध दाबून त्यात चारोळी किंवा पिस्त्याचा काप. भट्टीत जाऊन ते बाहेर येईपर्यंत तो वास आख्ख्या गल्लीला लागायचा. घरी येताना डबा गरम असायचा आणि तो छातीशी धरून चालायची सक्त ताकीद असायची, कारण गरम नानकटाई हादऱ्याने मोडते. रस्त्यात एक तरी मोडायचीच. मोडलेली वाटेत खायची, हा अलिखित नियम होता.

या व्यवहाराला 'बिस्किटं भाजून आणली' किंवा 'नानकटाई करून आणली' असं म्हणत. 'विकत आणली' आणि 'करून आणली' यांतला फरक पाहुण्यांसमोर आवर्जून सांगितला जाई. काही गावांत अजूनही अशी भट्टी आहे. तुमच्या जवळ असेल तर या दिवाळीत एकदा सामान घेऊन जा.

इराणी, अय्यंगार, पदेर हे सगळे बेकरीवालेच का?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

पदेर गोव्याचा. पोर्तुगीजमधल्या 'पादेइरो'चा तो कोकणी अवतार. पहाटे आणि संध्याकाळी सायकलवर टोपली, हातात पों-पों वाजणारा भोंगा. त्याच्या टोपलीत पावाशिवाय कडक कवचाचे उंडे, कोंड्याची पोळी, म्हणजेच पोई, आणि बांगडीच्या आकाराची काकणं असतात. गोव्यात माणूस बेकरीकडे जाण्याआधी बेकरीच दाराशी येते.

इराणी म्हणजे इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई-पुण्यात आलेले, मुख्यतः झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे लोक. त्यांचं मुख्य दुकान चहाचं, पण बऱ्याच ठिकाणी स्वतःची भट्टीही. म्हणून 'इराण्याकडे जाऊ' म्हणजे बसून चहा पिणं आणि 'बेकरीत जाऊ' म्हणजे घेऊन परत येणं. मुंबईत धोबी तलावाजवळची कयानी अँड कंपनी 1904 ची. पुण्याच्या लष्कर भागातली कयानी बेकरी 1955 ची. पुण्याचं श्रूजबेरी बिस्किट तिने इतकं प्रसिद्ध केलं की परगावच्या पाहुण्याला निरोप देताना तो डबा दिला जातो. नाव इंग्लंडमधल्या एका गावाचं, ओळख मात्र पुण्याची.

अय्यंगार बेकरी कर्नाटकातून आली. हासन जिल्ह्यातल्या अय्यंगार कुटुंबांनी हा धंदा बंगळुरूत उभा केला आणि तिथून तो आपल्याकडच्या शहरांत पसरला. त्यांच्याकडे सहसा अंडं नसतं, म्हणून पावाला दूर ठेवणारी कितीतरी घरं केकपर्यंत पोचली ती 'अय्यंगार' या पाटीच्या भरवशावर.

'भट्टी जमली' हा वाक्प्रचार बेकरीतून आला का?

बेकरीच्या आधीपासून भट्टी आपल्याकडे आहे. लोहाराची, कुंभाराची, परटाची, दारूची, भडभुंज्याची. 'मैफलीची भट्टी जमली', 'नाटकाची भट्टी बिघडली' यामागे या सगळ्या भट्ट्यांचा अनुभव आहे. पण या वाक्प्रचाराचा अर्थ प्रत्यक्ष पाहायचा असेल तर बेकरीसारखी जागा नाही.

लाकडाची जुनी भट्टी म्हणजे विटांची बुटकी, घुमटाच्या छताची खोलीच. आत लाकडं जाळून विटा तापवायच्या, मग लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून माल आत सरकवायचा. भाजतात त्या तापलेल्या विटा. धग किती झाली हे कारागीर हात आत धरून ओळखतो. सुरुवातीच्या कडक धगीत पाव, मग उतरत्या धगीत बिस्किटं, आणि शेवटी उरलेल्या ऊबेत टोस्ट वाळवायला. एकदा पेटवलेल्या भट्टीचा असा पूर्ण उपयोग करणं म्हणजे भट्टी जमणं.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. कारण हवेचं प्रदूषण. त्या धुराशेजारी राहणाऱ्यांचा आणि त्यात रात्र काढणाऱ्या कारागिरांचा विचार केला तर हे व्हायलाच हवं होतं. लहान बेकऱ्यांना नवी भट्टी घालायला हाताशी भांडवल मिळावं, एवढीच माझी इच्छा आहे, कारण पाव महाग झाला तर त्याची पहिली झळ वडापाववर जेवण भागवणाऱ्याला बसते.

बेकरीच्या पदार्थांचं वर्णन करायला कोणते शब्द वापरावेत? सगळं 'सॉफ्ट' आणि 'क्रिस्पी' झालंय.

या प्रश्नासाठी मी मनापासून आभार मानतो. इथे मराठी किती श्रीमंत आहे ते विसरायला नको.

पाव लुसलुशीत असतो, आतून जाळीदार. टोस्ट कुरकुरीत, नानकटाई खुसखुशीत. या दोन शब्दांत गल्लत करू नका: कुरकुरीत आवाज करतं, खुसखुशीत तोंडात विरघळतं. केक हलका किंवा भुसभुशीत. पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो, मग वातड. आणि पावसाळ्यात बरणीचं झाकण नीट न लावल्यामुळे खारीचं जे होतं त्याला शब्द आहे 'सादळणे'. हवेतला ओलावा शोषून कुरकुरीतपणा गेला, एवढं सगळं एका क्रियापदात. सादळलेले टोस्ट तव्यावर मंद आचेवर ठेवले की पुन्हा ताळ्यावर येतात.

मोजमापाचेही शब्द ठरलेले. पावाची लादी, बिस्किटाचा पुडा, खारी-बटर किलोवर, केक किलोवर नाहीतर नगावर.

बेकरीच्या पदार्थांत अंडं असतं का?

साध्या पावात, खारीत आणि नानकटाईत सहसा नसतं. केकमध्ये बहुतेकदा असतं. पाकिटावर खूण पाहा. आपल्याकडे अंडं असलेल्या पदार्थावरही मांसाहाराची तपकिरी खूण लावावी लागते. सुट्या मालाबद्दल दुकानात सरळ विचारावं. 'काका, यात अंडं आहे का?' हे विचारण्यात संकोच कसला?

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवावा का?

नको. फ्रिजच्या थंडीत पिठातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि पाव बाहेरच्यापेक्षा आधी वातड होतो. एक दिवस कापडात गुंडाळून बाहेर, त्यापेक्षा जास्त ठेवायचा तर फ्रीजरमध्ये. खाताना तव्यावर थोडं पाणी शिंपडून झाकण ठेवा.

घरून केक करून विकणाऱ्या बाईला 'बेकरी' म्हणता येईल का?

का नाही? घरगुती खानावळ चालते तशी घरगुती बेकरी. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी मात्र घरून विकणाऱ्यांनाही करावी लागते. माझ्या ओळखीतल्या दोघीजणी स्वतःला 'होम बेकर' म्हणवतात. मी त्यांची ओळख करून देताना 'यांची घरगुती बेकरी आहे' असं सांगतो, कारण त्यात त्यांचा धंदा जास्त स्पष्ट दिसतो.

परदेशात लादीपाव मिळत नाही. वडापावला काय वापरावं?

अमेरिकेतली मराठी मंडळी साधे डिनर रोल किंवा हवाईचे गोडसर रोल वापरतात. तेही खेटून भाजलेले असतात, लादीसारखे एकमेकांपासून तोडावे लागतात. त्या हवाईच्या रोलचं मूळ पोर्तुगालहून तिथे ऊसमळ्यांत कामाला गेलेल्या लोकांच्या गोड पावात आहे. आपल्या पावाचा तो चुलतभाऊच म्हणायचा. फक्त गोडवा जास्त असल्यामुळे लसणाची चटणी थोडी सढळ हाताने घाला.